बिनशाईचा थर

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी माझा नवरा मला त्याच्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेला. नागपुरातली इतर नवी जोडपी महाराजबागेत जात, अंबाझरीच्या तलावावर जात. आम्ही सायकलरिक्षात बसून कॉलेजात गेलो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी लिनोलियमवर कोरून छापायची कला शिकले होते, एवढीच आम्हाला एकमेकांची माहिती. बोलायला काही सुचत नव्हतं, म्हणून काहीतरी दाखवावं असं त्यांना वाटलं असावं.

चौकीदाराने कुलूप काढून दिलं. आत औषधात बुडवलेल्या पानाफुलांच्या बरण्या होत्या आणि नाकात जाणारा उग्र वास होता. त्यांनी मला खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसवलं, मायक्रोस्कोपचा आरसा उजेडाकडे वळवला आणि काचेची एक स्लाइड खाली सरकवली.

"दिसून राहिलं काही?"

"माझ्याच पापण्या दिसून राहिल्या," मी म्हटलं.

ते हसले. लग्न ठरल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. "दोन्ही डोळे उघडे ठेव. घाई नको करू."

मी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि एकदम ते समोर आलं. सूर्यफुलाच्या देठाचा आडवा छेद. बाहेरून मण्यांच्या माळेसारखी एक गोल किनार, तिच्या आत ठरावीक अंतरावर मांडलेले लांबट झुबके आणि मधोमध मऊ, फुगीर पेशींची जाळी. झुबक्यांचा काही भाग लालभडक होता, बाकी सगळं हिरवं. चित्रकला महाविद्यालयात मी इतकी वर्षं रेषा कापायला शिकले होते. इथे ती आधीच कापून ठेवलेली होती, आणि तीही एका देठाच्या पोटात, जिथे कोणी बघायला जाणार नाही.

"हे लाल काय आहे?"

"पाणी वर नेणाऱ्या नळ्या. लाकडी भाग लाल रंग घेतो, मऊ भाग हिरवा घेतो," ते वर्गात सांगावं तसं म्हणाले. ते मायक्रोस्कोपकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मी कागद घेतला आणि आठवेल तसा तो छेद काढला. त्यांनी तो बघितला, पेन्सिल मागितली आणि दोन ठिकाणी दुरुस्ती केली. आमचा संसार खरा तिथून सुरू झाला.

आमची दोन्ही घरं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. माझे वडील गिरणीत कामाला होते, आणि मुलगी चित्रं काढते याचं त्यांना कौतुक होतं. नवऱ्याच्या वडिलांना जाऊन फार वर्षं झाली होती. सासूबाई सावनेरजवळच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून, मिरच्या तोडून मुलाला शिकवत आल्या होत्या. त्यांच्या गावातून कॉलेजात शिकवणारा तो पहिला. गावातला कुणीही नागपूरला आला की आमच्या घरी डोकावून जाई, आणि 'प्रोफेसर' कसा राहतो ते डोळे भरून बघून जाई. या गोष्टीचं ओझं त्यांच्यावर किती होतं ते मला पुढे कळलं.

धरमपेठेत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मागच्या खोलीत, खिडकीखाली, माझी कोरण्याची हत्यारं, रबरी रोलर आणि शाईचे डबे असत. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम मिळे, त्याचा तुकडा मी कापून आणत असे. छापायचं यंत्र कुठलं असायला? कागद ब्लॉकवर ठेवायचा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासत बसायचं. एका ठशाला दुपार जाई.

मी जे करायचे ते थराथराचं काम होतं. एकच ब्लॉक घ्यायचा. जिथे कागद पांढरा राहायला हवा तेवढंच आधी कोरून काढायचं आणि सगळ्या प्रती फिकट पिवळ्या रंगात छापायच्या. मग जिथे पिवळा राहायला हवा तेवढा भाग त्याच ब्लॉकवरून कोरून टाकायचा आणि त्याच कागदांवर दुसरा रंग चढवायचा. असं करत करत शेवटच्या, सर्वांत बारीक थराला पोचायचं. तोवर ब्लॉकवर फारसं काही उरलेलं नसतं. एकदा कोरलं की परत जाता येत नाही. पहिल्या थराच्या वेळीच शेवटचा थर डोक्यात असावा लागतो.

प्रत्येक थर वाळायला वेळ लागे. खोलीभर दोऱ्या बांधून मी कागद चिमट्यांनी टांगून ठेवायची. सासूबाई आल्या की महिना महिना राहत. त्या दोऱ्यांखालून वाकून जाता जाता म्हणत, "घरात कुरड्या वाळू घातल्यासारखं करून ठेवलं वं पोरी." पण कागदाला हात लागू नये म्हणून पदर मात्र कमरेला खोचून जात.

नवरा कॉलेजातून स्लाइडी घरी आणायला लागला. एक जुना मायक्रोस्कोप त्यांनी परवानगी काढून घरी आणला. जोंधळ्याच्या धांड्याचा छेद, वडाच्या पारंबीचा, कमळाच्या देठाचा. कमळाच्या देठात हवेच्या एवढ्या पोकळ्या होत्या की मला माहेरच्या वस्तीतल्या खोल्या आठवल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या. ते शेजारी बसून प्रत्येक पेशीचं काम सांगत आणि मी कोरत राही. त्यांनी कधी रंगाबद्दल सुचवलं नाही. "रंगाचं तुलेच कळते," म्हणत. मला वाटे, माझ्या कलेचा मान ठेवतात.

लग्नाला तीन वर्षं होत आली असतील. त्या पावसाळ्यात मी सूर्यफुलाचा तोच पहिला छेद मोठा करून छापायला घेतला. चार थर ठरवले. फिकट सायीचा रंग, मग पिवळा, मग पानासारखा हिरवा आणि सर्वांत वर विटकरी लाल. लाल आणि हिरवा मी मुद्दाम सारख्याच वजनाचे ठेवले होते, एक गडद आणि एक फिका असं नाही. दोन रंग शेजारी थरथरतात तसं काहीतरी मला हवं होतं. शेवटचा थर उतरला आणि मी कागद उचलला, तेव्हा ते खरंच थरथरत होतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून तोपर्यंत झालं नव्हतं.

ते कॉलेजातून आले. मी कागद खिडकीजवळ उजेडात धरला.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सुंदरच झालं. शेवटचा थर कधी छापतेस?"

मला वाटलं, थट्टा करून राहिले. मी हसले. ते हसले नाहीत. माझं तोंड बघून त्यांना काहीतरी उमगलं आणि त्यांचा चेहरा उतरला, तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. ते खाली सतरंजीवर बसले.

"झाला का छापून?"

"झाला न. लाल. हा काय."

"मले नाही दिसत," ते म्हणाले.

बाहेर दूधवाला आला होता. मी दूध घेतलं, तापत ठेवलं आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. बी.एस्सी. झाल्यावर त्यांना रेल्वेत नोकरी लागत होती. डॉक्टरी तपासणीत रंगीत ठिपक्यांची एक पुस्तिका समोर ठेवली. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा असतो म्हणाले. यांना नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून नोकरी गेली. घरी त्यांनी सांगितलं की मला रेल्वे आवडत नाही, मला पुढे शिकायचं आहे. त्यानंतर हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आन् मग वनस्पतिशास्त्र काहून घेतलं?" मी विचारलं. "त्यात तं सगळं हिरवंच."

"मले पानं आवडत होती. रंगानं नाही वं, शिरांनी."

मग स्लाइडी कशा रंगवायचे, तेही सांगितलं. बाटल्या एका क्रमाने मांडून ठेवत. छेद रंगात किती वेळ ठेवायचा ते घड्याळावर बघत. लाकडी भाग त्याच्या जाड भिंतींवरून ओळखत आणि तो लाल असणार हे पाठ होतं. कुणी विद्यार्थ्याने स्लाइड दाखवून 'सर, रंग बरोबर चढला का' विचारलं की शेजारच्या मुलाला म्हणत, तू सांग. सगळ्यांना वाटे, सर शिकवायची पद्धत म्हणून असं करतात.

ते बोलत होते आणि मला एकेक गोष्ट आठवत होती. माझ्यासाठी 'हिरवी' म्हणून आणलेली तपकिरी साडी. भाजी बाजारात टमाटे नेहमी मला निवडायला लावणं. बर्डीच्या चौकात सिग्नलला शेजारचा सायकलवाला हलला की मग पायडल मारणं. लग्नात आमच्याकडे पांढरे कपडे असतात, ते किती बरं झालं असेल त्यांना, असंही मनात आलं.

पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं माझं काम पाहून तुम्ही 'सुंदर' म्हणून राहिले, ते काय पाहून?"

ते उठले. माझ्या जुन्या ठशांची वळकटी काढली आणि एकेक कागद जमिनीवर पसरला. जोंधळ्याच्या ठशावर बोट ठेवून म्हणाले, "इथं तुझा हात घसरला होता. तू पेशीची भिंत थोडी वाकडी करून तो घसरा झाकला. चांगला झाकला." वडाच्या पारंबीवर म्हणाले, "इथं येऊन तू थकली होतीस. या बाजूच्या रेषा आखूड आहेत." कमळाच्या ठशावर म्हणाले, "यात दुसरा थर केसभर सरकला आहे, आन् त्यानं पोकळीले सावली आल्यासारखी वाटते. तू मुद्दाम केलं का?"

मी मुद्दाम केलं नव्हतं. आजवर ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्या शिक्षकांच्याही नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ते दाखवत राहिले. दूध उतू गेलं तेव्हा दोघंही धावलो.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी खिडकीची एक सुटी काच घेतली, तिच्यावर माझ्याजवळच्या सगळ्या शायांचे ठिपके लावले आणि त्यांना म्हटलं, जे रंग सारखे दिसतात ते एका जागी दाखवा. आधी ते तयार होईनात. मग बसले. माझे किती आवडते रंग त्यांच्या लेखी एकच होते. विटकरी, शेवाळी, तपकिरी, सगळ्यांना ते म्हणाले, "ही एकच माती." पण निळा त्यांना लख्ख दिसत होता. पिवळा दिसत होता. आणि गडद-फिकट यातला फरक त्यांना माझ्याहून बारीक कळत होता. मला एकसारखे वाटणारे दोन करडे त्यांनी क्षणात वेगळे केले.

"तू माझ्यासाठी रंग बदलू नको," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही. मले नवीन काही करून पाहायचं आहे."

त्यात अर्धं खरं होतं.

आम्ही काचेवर वाकून बसलो होतो आणि गावाहून आलेल्या सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "काय खेळून राहिले गा दोघं?"

त्यांच्यापासून लपवायचं की नाही हे आम्ही ठरवलं नव्हतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग सोप्या शब्दांत आईला सांगितलं, की आपल्याला लाल-हिरवा वेगळा कळत नाही, जन्मापासूनच नाही. डोळे बाकी ठीक आहेत.

सासूबाई उंबरठ्यावरच बसल्या. काही वेळ त्यांनी काचेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून तू हिरव्या मिरच्या तोडून आणल्या होत्या."

मला काही कळेना. त्यांनी मला सांगितलं. तेव्हा मुलगा लहान होता. पाटलाच्या शेतात तोडा सुरू होता, फक्त लाल मिरची तोडायची होती. याने टोपली भरून आणली तर निम्म्या हिरव्या. पाटील सगळ्यांसमोर बोलला. "आन् मी याले मारलं," त्या म्हणाल्या. "तिथंच, बांधावर. मले वाटलं, कामाचा कंटाळा करते."

"मले आठवत नाही आई," नवरा म्हणाला.

"खोटं नको बोलू. तुले सगळं आठवते."

त्या उठल्या, जवळ आल्या आणि चाळिशीकडे झुकलेल्या आपल्या प्रोफेसर मुलाच्या गालावरून दोनदा हात फिरवला. तो मान खाली घालून बसून राहिला. मी शाईचे डबे उगाचच बंद करत बसले.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "माझा भाऊ भी तसाच होता. लुगडं आणाले सांगितलं तं भलत्याच रंगाचं आणे. आम्ही हसत होतो त्याले."

मला नंतर आत नेऊन नवऱ्याने सांगितलं की हा दोष आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही होत नाही. "हे तिले नको सांगू," म्हणाले. मी सांगितलं नाही. पण भावाची आठवण काढताना त्यांनी ते जोडलं असावं असं मला वाटतं. कारण त्यानंतर त्या दर खेपेला गावाहून मिरच्या निवडून, लाल वेगळ्या आणि हिरव्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून आणायला लागल्या, आणि 'ही लाल, ही हिरवी' असं आपल्या मुलाच्या हातात देऊन सांगत.

पावसाळा सरत आला की सेमिनरी हिल्सच्या बाजूला सागाच्या पानांची चाळण झालेली असे. एक अळी पानाचा मऊ भाग तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. झाडाखाली ही जाळीदार पानं पडलेली असतात. त्या वर्षी आम्ही दोघं सायकलींवर तिकडे गेलो आणि पिशवीभर पानं आणली. नवऱ्याने एक पान उजेडाकडे धरून दाखवलं, मोठी शीर, तिच्यातून फुटलेल्या शिरा, त्यांच्यातून आणखी, आणि शेवटी इतकी बारीक जाळी की नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या गल्ल्या कुणी वरून पाहाव्यात.

"अळीले कोरायचं कळते," ते म्हणाले. "नको ते तेवढं काढलं."

मी ते पान छापायला घेतलं. पहिला थर फिकट पिवळा, दुसरा धुरकट निळा, तिसरा जवळजवळ काळा वाटणारा गर्द निळा. पण सर्वांत बारीक शिरांचं काय करायचं ते सुचेना. त्या कोणत्याही रंगात छापल्या तरी जड वाटत. मग मनात आलं की शेवटच्या थराला शाईच लावू नये. त्या शिरांचा वेगळा, खोल कोरलेला ब्लॉक करावा आणि भिजलेल्या जाड कागदावर नुसता दाबावा. कागद तेवढा फुगून वर येईल.

चमच्याने ते जमेना. पहिले दोन कागद फाटले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पुस्तकं बांधणारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे चाक फिरवून दाबायचं लोखंडी यंत्र होतं. त्यांनी रविवारी वापरायला दिलं. कागद रात्रभर ओल्या कापडात ठेवलेला होता. त्यावर मी जुनी घोंगडी घडी करून घातली, नवऱ्याने चाक फिरवलं. बाहेर काढला तेव्हा समोरून बघता तो थर दिसतच नव्हता. मी कागद खिडकीशी तिरपा धरला. उजेड एका बाजूने आला आणि सगळ्या शिरा उभ्या राहिल्या, कोऱ्या ठेवलेल्या भागात पांढऱ्यावर पांढऱ्या.

नवऱ्याने हात धुऊन, पुसून, एक बोट त्यांवरून फिरवलं.

"हा थर तुलेही बिनरंगाचाच दिसून राहिला न?"

"हो."

"मग आज आपण दोघं सारखंच पाहून राहिलो."

पुस्तकं बांधणारे गृहस्थ समोर उभे होते, म्हणून मी घोंगडीच्या घड्या घालायला लागले.

त्याच हिवाळ्यात कॉलेजात एक अडचण आली. प्रात्यक्षिक परीक्षेत स्लाइड रंगवण्याची बाजू तपासायचं काम विभागप्रमुखांनी यांच्याकडे दिलं. विद्यार्थ्यांचे गुण आता यांच्या डोळ्यांवर अवलंबून राहणार होते. शेजारच्या मुलाला 'तू सांग' म्हणून भागणार नव्हतं. ते जेवेनासे झाले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "मी सांगून टाकतो मॅडमले."

"आन् त्यांनी काढलं तं?"

"तं काढलं. पोरांचे मार्क अंदाजानं नाही देता येत मले."

विभागप्रमुख बाई कडक होत्या. सगळा विभाग त्यांना टरकून असे. त्या दिवशी मी सकाळपासून एकाच ब्लॉकवरची एकच रेषा कोरत बसले होते. सासूबाई गावी होत्या, आणि त्या नाहीत हे बरं वाटत होतं. नोकरी गेली तर गावातले लोक काय म्हणतील, माझे वडील काय म्हणतील, सगळं मनात येऊन गेलं.

ते संध्याकाळी आले, पायरीवर बसून बूट काढले आणि म्हणाले, "चहा कर."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'इतकी वर्षं तुमच्या स्लाइडी मी पाहते. त्यात चूक कशी नाही?' यांनी बाटल्यांचा क्रम आणि घड्याळ सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, रंगाची बाजू दुसरे कोणी तपासतील, रचनेची तुम्ही तपासा. आणि उठता उठता म्हणाल्या, 'हे पहिल्याच वर्षी सांगायचं होतं. एवढी मेहनत वाचली असती.'

"बस, एवढंच?"

"एवढंच."

बाहेर मात्र एवढंच राहिलं नाही. गोष्ट फुटली. एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये दोन रंगांचे रुमाल धरून 'सांगा पाहू' केलं. मुलांनी यांचं नाव 'सिग्नल' ठेवलं, आणि ते नाव ते निवृत्त होईपर्यंत टिकलं. परीक्षक म्हणून इतर गावांची बोलावणी यायची ती दोन-तीन वर्षं बंद झाली. ते फारसं बोलून दाखवत नसत, पण त्या दिवसांत संध्याकाळी एकटेच चालायला जात आणि उशिरा येत. मी विचारत नसे. आल्यावर त्यांच्या हातात काहीतरी असे, बाभळीच्या सालीचा तुकडा किंवा गोगलगाईचा रिकामा शंख, आणि ते माझ्या टेबलावर ठेवून जेवायला बसत.

त्यांनी एक नवीन नियम मात्र काढला. वर्गात प्रत्येकाने आधी न रंगवलेला छेद पेन्सिलीने काढायचा, रंग नंतर. मुलं कुरकुरली. पुढे विभागप्रमुख बाईंनी तो नियम सगळ्या वर्गांना लावला.

सागाच्या पानाचा ठसा मी शहरातल्या एका प्रदर्शनात ठेवला. खाली पाटी होती, 'हात लावू नये'. सासूबाई आल्या होत्या. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. कागदाला काच नव्हती, मीच लावू दिली नव्हती. त्यांनी सरळ हात लावला आणि शिरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे तं खरंच पान आहे वं." तिथला माणूस पुढे आला तेव्हा नवरा मध्ये उभा राहिला आणि त्याच्याशी भलत्याच विषयावर बोलत राहिला, आईचं बघून होईपर्यंत.

लाल आणि हिरवा मी सोडले नाहीत. काही महिने सोडले होते, तेव्हा यांनीच एक दिवस विचारलं, "काहून वं, तुझा लाल डबा वाळून गेला का?" मग मी पुन्हा उघडला. जे ठसे लाल-हिरव्यावर उभे होते ते मी त्यांना बोलून सांगायची, कुठे काय आहे ते, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा तपशिलात चूक झाली तर म्हणाले, "तिथं लाल कसा येईल? तिथं तं मऊ पेशी आहेत." चूक माझीच होती.

आम्हाला एकच मुलगी झाली. ती शाळेत जायला लागली तोवर आम्ही मनीषनगरच्या बाजूला छोटा प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. तेव्हा तिकडे बहुतेक शेतंच होती आणि संध्याकाळनंतर रिक्षावाले यायला नाही म्हणत. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि अंगणात वांगी लावून शेजाऱ्यांना वाटत होत्या.

एका मे महिन्यात हुडकेश्वरच्या रस्त्यालगतचं एक डबकं पूर्ण आटलं. नवरा मुलीला घेऊन तिकडे गेला आणि परत येऊन मला म्हणाला, "चल, तुले एक दाखवायचं आहे. टोपली घे."

डबक्याच्या तळाची माती वाळून तडकली होती. भेगांची जाळी पसरली होती, पार पलीकडच्या काठापर्यंत. मुलगी अनवाणी त्या तुकड्यांवरून उड्या मारत होती. नवरा गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिला दाखवलं की नवीन भेग जुन्या भेगेला कशी काटकोनात येऊन भिडते. त्यावरून कोणती आधी पडली आणि कोणती नंतर, ते सांगता येतं.

"म्हणजे ही पहिली?" तिने विचारलं.

"हाव. आन् ही तिच्यानंतर. आता तू सांग, तिसरी कोणती?"

ती पोटावर पालथी पडून भेगा शोधायला लागली. मी मातीचा एक मोठा तुकडा अलगद उचलून टोपलीत ठेवला, आणि तो घरी जाईपर्यंत फुटणार हे मला दिसत होतं. तरी मी त्याखाली रुमाल घडी करून घातला. नवऱ्याने टोपली घेतली आणि दोन्ही हातांत छातीशी धरून, उन्हातून, रस्त्याकडे चालायला लागला. मुलगी मागून ओरडून सांगत होती की तिला तिसरी सापडली आहे. आम्ही थांबलो आणि बघायला परत गेलो.